पुतळ्याची वर्गणी आमची, परवानगीचा शिक्का कुणाचा?



गेल्या वर्षी एप्रिलच्या आधी चेंबूरमधल्या आमच्या वस्तीतल्या पोरांनी एक साधं काम करायचं ठरवलं. वस्तीच्या तोंडाशी रस्त्याकडेची एक लांब संरक्षक भिंत आहे. तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या, क्लासेसच्या जाहिराती आणि 'येथे लघवी करू नये' एवढंच होतं. पोरांना तिथं सावित्रीमाई, फातिमाबी, रमाई आणि चवदार तळ्याच्या काठावरची गर्दी रंगवायची होती. आमच्यातलाच एक पोरगा चित्रकलेचा डिप्लोमा करतो, त्यानं कागदावर नमुना काढला. घरटी शंभर रुपये जमले. भिंत सरकारी, म्हणून अर्ज घेऊन आम्ही रीतसर कार्यालयात गेलो.

पहिल्या टेबलानं सांगितलं, भिंत आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यानं विचारलं, चित्रात कोणाकोणाचे फोटो आहेत? तिसऱ्यानं नमुना उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे संवेदनशील आहे. पोलिसांचं ना हरकत पत्र आणा." पोलिसांनी परत पहिल्या टेबलाकडे पाठवलं. चौदा एप्रिल येऊन गेला. पावसाळ्यानंतर एके सकाळी ठेकेदाराची माणसं आली आणि त्या भिंतीवर फ्लेमिंगो रंगवून गेली. गुलाबी, लांब पायांचे, एका ओळीत अकरा फ्लेमिंगो. त्यांना कुणी विचारलं नाही की हे पक्षी कोण, कुठले, आणि त्यांच्यामुळे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न येईल का.

माझा फ्लेमिंगोवर राग नाही. शिवडी-ठाण्याच्या खाडीत ते येतात, सुंदर दिसतात. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. शहराच्या भिंतीवर, चौकात, बागेत काय दिसावं हे ठरवतं कोण? पैसा कुणाचा, जागा कुणाची आणि शिक्का कुणाचा? जगातल्या अनेक शहरांत यासाठी कला आयोग असतो. तो स्थानिक लोकांच्या कलाकामाला जागा देतो, निधी देतो, नंतर देखभालही करतो. आपल्याकडे काय आहे? हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मुंबईचे पहिले पुतळे

मुंबईच्या रस्त्यावर पुतळा ही गोष्ट इंग्रजांनी आणली. विहिरीवर, घाटावर, देवळाच्या दारात देणगीदाराचं नाव कोरायची पद्धत आपल्याकडे जुनीच. पण चौकात उंच चबुतऱ्यावर माणूस उभा करायचा, जाणाऱ्या-येणाऱ्यानं मान वर करून त्याच्याकडे बघायचं, ही राज्यकर्त्यांची भाषा होती. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून १८७२ साली बसला. ज्याच्यावरून 'काळा घोडा' हे नाव पडलं तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा ससून घराण्याच्या देणगीतून १८७९ साली उभा राहिला. म्हणजे राजा इंग्रज, पैसा संस्थानिकाचा किंवा शेटजीचा, आणि बघणारी रयत. त्या रयतेतल्या शेवटच्या माणसाला सार्वजनिक विहिरीवरही जाता येत नव्हतं.

पुतळा हा निव्वळ दगड नसतो हे तेव्हाच्या लोकांना नीट माहीत होतं. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. त्याबद्दल शाळेच्या पुस्तकांत त्यांना क्रांतिकारक म्हटलं जातं. जोड्यांची माळ हे शस्त्र पुढे कुणाविरुद्ध वापरलं गेलं, ते खाली येईलच.

याच काळात पुण्यात एक माणूस वेगळाच प्रश्न विचारत होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची भूमिका होती. नगरपालिकेच्या पैशातून होणाऱ्या शोभेला 'ही शोभा कुणासाठी?' असं विचारणारा आपल्या परंपरेतला हा पहिला आवाज. फ्लेमिंगोंकडे बघताना मला हाच हजार रुपयांचा ठराव आठवतो.

स्वातंत्र्यानंतर नव्या राज्यकर्त्यांनी आपले पुतळे बसवले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. १९६५ मध्ये काळा घोडा आणि इतर इंग्रजी पुतळे हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेले. म्हणजे राज्य बदललं की चौक बदलतो. मग प्रश्न येतो की आपलं काय बदललं?

वर्गणी हाच आपला कला आयोग

बाबासाहेबांच्या हयातीतला पहिला पुतळा म्हणून कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या पुतळ्याकडे बघितलं जातं. ९ डिसेंबर १९५० रोजी तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेब या दोघांचे पुतळे एकत्र बसले. पुढाकार होता भाई माधवराव बागल यांचा. ते सत्यशोधक परंपरेतले, स्वतः चित्रकार. शाहू महाराजांच्या गावात, जिथून जवळच माणगावला १९२० साली परिषद झाली होती, तिथं गुरू-शिष्य शेजारी-शेजारी उभे राहिले. जागाही बघा, गावाचा भर चौक, वस्तीचा कोपरा नव्हे. आज पुतळ्याला 'तुमच्या वस्तीच्या आत बसवा ना' असं सांगणाऱ्यांनी बिंदू चौक बघून यावा.

महापरिनिर्वाणानंतर हे काम वस्त्यांनी हातात घेतलं. संसद भवनाच्या आवारातला बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवला. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी त्याचं अनावरण केलं. तो सरकारनं खर्च करून बसवलेला नाही, डॉ. आंबेडकर स्मारक समितीनं भेट दिलेला आहे. दादरची चैत्यभूमीही तशीच. भैय्यासाहेब यशवंतराव आंबेडकरांनी त्यासाठी रान उठवलं, लोकांनी पैसा-पैसा जमवला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते स्तूपाचं उद्घाटन झालं. दरवर्षी सहा डिसेंबरला लाखो लोक जिथं रांग लावतात ती वास्तू गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार, शेतमजूर यांच्या खिशातून आली आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला हेन्री लेफेव्र शिकवला. १९६८ साली त्यानं 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडली. शहरात राहायला मिळणं पुरेसं नाही, शहर घडवण्याचा हक्क हवा, असा त्याचा मथितार्थ. वाचताना मला हसू आलं. माझ्या आज्जीनं लेफेव्रचं नाव ऐकलं नव्हतं, पण सत्तरच्या दशकात चेंबूरच्या वस्तीत विहाराच्या मूर्तीसाठी ती दर महिन्याला दोन रुपये देत होती आणि वहीत अंगठा उठवत होती. ती वही अजून आहे. तिच्यात शिल्पकाराला दिलेला ॲडव्हान्स आहे, टेम्पोचं भाडं आहे, सिमेंटच्या गोण्या आहेत, रंगाचा डबा आहे. जागा शोधणं, कलाकार ठरवणं, निधी उभा करणं, लोकांना विचारणं, नंतर झाडलोट करणं. कला आयोगाची सगळी कामं त्या वहीत आहेत. नाही तो फक्त सरकारी शिक्का.

म्हणून 'या लोकांना पुतळ्यांचं वेड आहे' असं कुणी म्हटलं तर खाली मान घालू नका. ज्या माणसाला गावच्या वेशीबाहेर ठेवलं, पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्यानं चौकात आपला माणूस उभा केला. कोट घातलेला, हातात संविधान घेतलेला, बोट पुढे केलेला. हा पुतळा गल्लीतल्या पोराला सांगतो की ही जागा तुझीही आहे. प्रस्थापितांना खुपतं ते हेच.

११ जुलै १९९७

मी तेव्हा दुसरीत होते. आमच्या गल्लीत दुपारीच सगळी माणसं कामावरून परत आली होती आणि आयानं आम्हाला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. काय झालं ते नंतर कळलं.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलैच्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला जोड्यांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. पूर्व द्रुतगती महामार्गालगत राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मेले. ज्यांना गोळ्या लागल्या त्यांतले काही जण तर घरातून काय चाललंय ते बघायला बाहेर आले होते. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरेंनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. गुंडेवार आयोगानं गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष काढला. उपनिरीक्षक मनोहर कदम याला सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

चापेकरांनी राणीला जोड्यांची माळ घातली ती सत्तेविरुद्ध होती. रमाबाई नगरात जोड्यांचा हार पडला तो सत्ता नसलेल्यांच्या एकमेव ठेव्यावर. कृती एकच, पण पहिलीत माणूस वर बोट दाखवतो आणि दुसरीत खाली तुडवतो. आणि सरकारनं यातून धडा काय घेतला? गोळी चालवणाऱ्या यंत्रणेनं कसं सुधारावं हा धडा मागे पडला. 'पुतळा म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न' एवढंच फायलीत उरलं. आमच्या भिंतीच्या नमुन्यावर तिसऱ्या टेबलानं जो 'संवेदनशील' शब्द उच्चारला, त्याची मुळं इथं आहेत. हार घालणारा कोण हे शोधण्यापेक्षा पुतळाच नको, हे प्रशासनाला सोपं वाटतं. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, आणि पाच दिवसांनी सोमनाथ सूर्यवंशी हा आपला तरुण कोठडीत मेला. सत्तावीस वर्षांत काय शिकलो आपण?

नियम काय सांगतात

आता शिक्क्याकडे येऊ. महाराष्ट्रात राष्ट्रपुरुषांचे पुतळे उभारण्यासाठी सामान्य प्रशासन विभागाचे शासन निर्णय आहेत. आधी २००५ चा, आणि त्याऐवजी आलेला २ मे २०१७ चा. कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा. थोडक्यात असं: स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव हवा. जागेची मालकी स्पष्ट हवी. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हवी. चबुतऱ्यासाठी वास्तुशास्त्रज्ञांची मान्यता हवी. पोलिसांचं ना हरकत हवं. त्याच व्यक्तीचा पुतळा दोन किलोमीटरच्या परिसरात आधीपासून नसावा. देखभालीची आणि पावित्र्य राखण्याची हमी मागणाऱ्या समितीनं द्यावी. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे प्रस्ताव जातो. याच्या जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, ज्यानं सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली.

प्रामाणिकपणे सांगते, यातले सगळे नियम वाईट नाहीत. रस्ता अडू नये, चबुतरा कोसळू नये, चेहरा ओळखू यावा, हे आपल्यालाही हवंच आहे. बाबासाहेबांचा चेहरा भलताच दिसणारे पुतळे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जाणकार शिल्पकारानं नमुना तपासला तर बिघडलं कुठं?

पण ही यादी पुन्हा वाचा. तिच्यात काय नाही ते बघा. निधी कोण देणार? नाही. वस्तीला शिल्पकार मिळवून कोण देणार? नाही. जागा शोधायला मदत? नाही. किती दिवसांत उत्तर द्यायचं? अर्जदाराला ते कळतच नाही. म्हणजे कला आयोगाचं 'नाही' म्हणायचं काम आपल्याकडे आहे, 'हो, चला करू या' म्हणायचं काम कुणाकडेच नाही. शिवाय कला संचालनालय १९६५ पासून आहे, त्याचा मूळ वारसा १८५७ च्या जे. जे. स्कूलचा. तिथं दरवर्षी शिल्पकार तयार होतात. त्या शिल्पकाराची आणि लोखंडे मार्गावरच्या वस्तीची गाठ घालून देणारी खिडकी मात्र नाही.

दोन किलोमीटरचा नियम घ्या. सिद्धार्थ कॉलनी, पी. एल. लोखंडे मार्ग, घाटला, चेंबूर स्टेशनजवळचं आंबेडकर उद्यान हे सगळं किती अंतरात आहे? चालत फिरता येईल इतक्या. या पट्ट्यात हजारो घरं आहेत, मधून रेल्वे जाते, मोठे रस्ते जातात. गावाच्या मापानं काढलेली रेघ मुंबईच्या वस्तीला लावली की एका पुतळ्यानंतर बाकी सगळ्यांसाठी दार बंद. जिथं आपली वस्ती दाट, तिथंच हा नियम सगळ्यात जास्त काचतो.

आणि हेच नियम वरच्यांना कसे लागतात? मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते शिवरायांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, तो कोसळला. नंतर कला संचालनालयाकडून सांगण्यात आलं की मान्यता सहा फुटी नमुन्याला होती, प्रत्यक्ष उंची किती असणार हे कळवलं नव्हतं. विचार करा. वस्तीचा तीन फुटी अर्धपुतळा प्रत्येक टेबलावर तपासला जातो आणि सरकारचा ३५ फुटी पुतळा तपासणीच्या डोक्यावरून निघून जातो. शिवराय आपल्या सगळ्यांचे. त्यांचा पुतळा पडला ते दुःख आपलंही आहे. म्हणूनच विचारायला हवं की तपासणी कुणासाठी आहे, पुतळ्याच्या मजबुतीसाठी की मागणाऱ्याच्या जातीसाठी?

दुसरीकडे काय आहे

दिल्लीसाठी संसदेनं कायदा करून नागरी कला आयोग नेमला. तो १९७४ पासून काम करतो. राजधानीच्या रचनेवर आणि सौंदर्यावर सल्ला देणं हे त्याचं काम. त्यातही नेमलेले तज्ज्ञच असतात, वस्ती नसते. पण निदान विचारायला एक दार आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा समिती आहे, ती यादीतल्या जुन्या वास्तू आणि परिसर बघते. नव्या लोककलेसाठी मुंबईत असं एक दार नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा कला आयोग १९३२ पासून आहे. तिथं १९६९ पासून नियम आहे की सरकारी बांधकामाच्या खर्चातले दोन टक्के सार्वजनिक कलेसाठी ठेवायचे. फिलाडेल्फियात १९५९ पासून अशीच एक टक्क्याची पद्धत सुरू झाली. पूल झाला, शाळा झाली, दवाखाना झाला की त्याबरोबर कलेचा निधी आपोआप येतो, तो कुणाच्या मेहेरबानीवर नसतो. आणि हे आयोग फक्त बसवत नाहीत, उतरवतातही. सॅन फ्रान्सिस्कोत आदिवासी माणूस गोऱ्यांच्या पायाशी पडलेला दाखवणारं शिल्प होतं. मूळनिवासींनी वर्षानुवर्षं विरोध केला, सुनावण्या झाल्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ते हटवलं. न्यूयॉर्कच्या आयोगानं २०२१ मध्ये नगर परिषदेच्या सभागृहातला थॉमस जेफरसनचा पुतळा हलवायचा निर्णय घेतला, कारण तो गुलामांचा मालक होता.

आपल्याकडे जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. तो हटवायचा ठराव त्याच वर्षी झाला, त्याला स्थगिती मिळाली, आणि पुतळा अजून तिथंच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन महिलांनी त्याला काळं फासलं. संविधानानं चालणाऱ्या न्यायालयाच्या दारात मनू चालतो. वस्तीच्या भिंतीवर सावित्रीमाई मात्र 'संवेदनशील' ठरतात!

तरी परदेशाचंही सगळंच गोड मानू नका. शिकागोच्या दक्षिण भागात १९६७ साली काळ्या कलाकारांनी एका पडक्या इमारतीवर 'सन्मानाची भिंत' रंगवली. काळ्यांचे कवी, गायक, नेते त्या भिंतीवर आले. ना आयोग होता, ना परवानगी. मोहल्ल्यानं राखण केली. १९७१ मध्ये इमारतच पाडली आणि भिंत गेली. पण तिच्यामुळे अमेरिकेतल्या शहराशहरांत वस्तीच्या भिंती बोलू लागल्या, आणि सरकारी निधीला मागून यावं लागलं. धडा साधा आहे. आधी लोक करतात, मग आयोग येतो. लोकांनी दाबून धरलं तरच तो लोकांचा राहतो.

पैसा नाही असं नाही

मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षाच्या शेवटी सुमारे १,७०० कोटींचा मुंबई सौंदर्यीकरण प्रकल्प सुरू झाला. पुलाखाली रंग, खांबांवर दिव्यांच्या माळा, भिंतींवर चित्रं. जी-२० च्या पाहुण्यांसाठी झोपड्या पडद्यांनी झाकल्याच्या बातम्या आपण वाचल्या. म्हणजे पैसा होता, रंग होता, भिंती होत्या. नव्हती ती वस्तीला विचारायची पद्धत, आणि विचारायला निवडून आलेला माणूसही नव्हता. २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात तळाला असलेला एम पूर्व प्रभाग आमच्या शेजारी आहे. तिथल्या माणसाला जोतीरावांचा प्रश्न विचारायचा हक्क आहे. शाळेचं छत गळतंय, मग ही शोभा कुणासाठी?

इथं आपल्यातलेच काही जण म्हणतील, ताई, मग पुतळे-चित्रं कशाला, सगळा पैसा शिक्षणावर लावा. शिवाय बाबासाहेबांनीच विभूतिपूजेला विरोध केला होता. बरोबर आहे. १९४३ च्या रानडे व्याख्यानात आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका स्पष्ट सांगितला. पण तो इशारा माणसाच्या पायावर आपलं स्वातंत्र्य वाहण्याविरुद्ध होता. इतिहास आठवण्याविरुद्ध नव्हता. पुतळ्याखाली अभ्यासिका चालते का, तिथं संविधानाचं वाचन होतं का, की फक्त जयंतीला डीजे आणि पुढाऱ्याचा फ्लेक्स? या कसोटीवर आपणही स्वतःला तपासलं पाहिजे. बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा भाऊंचा फोटो मोठा असलेले बॅनर चेंबूर नाक्यावर मी मोजले आहेत, दुखतं ते. आणि आपल्या चौकांत बाया कुठे आहेत? महाडला गेलेल्या, नामांतराला तुरुंगात गेलेल्या, वहीत अंगठा उठवणाऱ्या? पोरांच्या नमुन्यात रमाईसोबत ती गर्दी होती, म्हणून तो मला इतका आवडला होता.

आता काय मागायचं

हा सगळा विचार आज का, याला कारण आहे. चेंबूर-घाटकोपरच्या वस्त्यांत पुनर्विकासाची लाट आहे. रमाबाई नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत, हजारो कुटुंबं हलणार आहेत. घराचा करार होतो, चौरस फूट ठरतात, भाडं ठरतं. पण १९९७ च्या त्या पुतळ्याचं आणि शहीदांच्या स्मृतीचं काय, ते किती वस्त्यांच्या करारात लेखी असतं? आमच्या भागात इमारती उभ्या राहिल्यावर विहार पोटमाळ्यावर आणि पुतळा पार्किंगच्या कोपऱ्यात गेलेला मी पाहिला आहे. चौक गेला की आठवण जाते. वर्गणीची वही जपणारी पिढीही चालली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काही मागण्या ठेवते. यावर वाद घाला, भर घाला.

एक, पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात वस्तीतले पुतळे, विहार, स्मृतिस्थळं आणि भित्तिचित्रं यांची नोंद हवी. त्यांची नवी जागा दर्शनी, खुली आणि नकाशावर दाखवलेली हवी.

दोन, महापालिकेच्या मोठ्या बांधकाम खर्चातला ठरावीक टक्का स्थानिक सार्वजनिक कलेसाठी राखून ठेवावा आणि तो प्रभागनिहाय खर्च करावा.

तीन, मुंबईसाठी सार्वजनिक कला आयोग व्हावा. त्यात शिल्पकार-वास्तुविशारदांबरोबर वस्त्यांचे प्रतिनिधी, महिला, शाहीर असावेत. अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं आणि नकाराचं कारणही लेखी असावं.

चार, दोन किलोमीटरच्या नियमाचा महानगरातल्या दाट वस्तीसाठी फेरविचार व्हावा.

पाच, विटंबना झाली तर जबाबदारी वस्तीवर ढकलू नये. सीसीटीव्ही, दिवे, देखभाल यांचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा.

राज्याचं पहिलं सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आलं, तेव्हा समितीच्या अध्यक्षपदी डॉ. आ. ह. साळुंखे होते. म्हणजे या टेबलावर बहुजन विचार आधी बसलेला आहे. आपण परक्याच्या दारात उभे नाही आहोत.

आणि सरकार ऐकेपर्यंत? आपल्या वस्तीतली वर्गणीची वही शोधा. पुतळा कधी बसला, कुणी घडवला, कुणी किती दिले, हे जुन्या माणसांकडून लिहून घ्या. पुतळ्याचे जुने फोटो गोळा करा. ज्या दिवशी बिल्डरचा माणूस 'हे अनधिकृत आहे' म्हणेल, त्या दिवशी ही वही तुमचा दाखला असेल. माझ्या आज्जीचा अंगठा मी स्कॅन करून ठेवला आहे.

आमच्या पोरांनीही हार मानलेली नाही. त्यांनी तोच नमुना विहाराच्या आतल्या भिंतीवर रंगवायला घेतला आहे. चवदार तळ्याच्या काठावर गर्दी उभी राहिली आहे. माईंचा चेहरा अजून पुरा व्हायचा आहे. बाहेरच्या भिंतीचा अर्ज या वर्षी पुन्हा टाकणार आहोत, यावेळी पोच घेऊन.

जयभीम! नमो बुद्धाय!